चोगलेचाचांची आपली माणसं

आमच्या कंपनीत नवा माणूस रुजू झाला की चोगलेचाचा त्याला नाव विचारत नाहीत. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "पाणी कुठलं?"

समोरचा गोंधळतो. कुणी हातातली बाटली दाखवतो. पण चाचांना हवं असतं ते त्याच्या गावचं पाणी. नदीचं, विहिरीचं की खाडीचं? तिथून गाडी सुरू होते. भात पिकतो का? मासा खाता का? डोक्याकडून की शेपटाकडून? आईचं माहेर कुठलं? नवा माणूस बिचारा कामावर आलोय की सोयरिकीला, या विचारात उत्तरं देत राहतो. चहाचा कप संपायच्या आत चाचांची थाप त्याच्या मांडीवर पडते आणि सगळ्या कॅन्टीनला बातमी कळते, "झालं! आपलाच निघाला!"

मी एचआरमध्ये आहे. माणूस आला की त्याचा देश, पासपोर्ट, व्हिसा बघून त्याला योग्य त्या कप्प्यात टाकणं हे माझं काम. मी टाकलेल्या माणसाला कप्प्यातून बाहेर काढून त्याच्या गळ्यात हात टाकणं हे चाचांचं काम. माझ्या कामाचा मला पगार मिळतो. त्यांच्या कामाचा त्यांना मिळत नाही, पण खरं सांगायचं तर त्यांचं काम माझ्यापेक्षा अवघड आहे, आणि इतकी वर्षं ते बघूनही माझं आश्चर्य ओसरलेलं नाही.

आमची कंपनी शारजाजवळच्या हमरिया फ्री झोनमध्ये पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनींचे व्हॉल्व बनवते. चाचा तिथले स्टोअर्स इन-चार्ज. पूर्ण नाव अब्बास चोगले, गाव दापोलीकडच्या एका खाडीच्या काठी. मेंदीनं लाल केलेली दाढी, कडक इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कायम एक लिंबू. मासा कुठं आणि कधी समोर येईल याचा नेम नसतो, अशा वेळी माणसाजवळ लिंबू नसणं त्यांना बेजबाबदारपणाचं वाटतं.

मला आपलं करून घेताना मात्र त्यांना घाम फुटला होता. मी नगर जिल्ह्यातली. समुद्र नाही, भात नाही, नारळ नाही. मासा मी लग्नानंतर पाहिला. चाचांनी मान हलवली. "कठीण आहे, मॅडम. पण इन्शाल्ला काहीतरी निघेल." मग एकेक नातेवाईक काढत काढत आम्ही माझ्या मावशीच्या यजमानांपाशी आलो. ते नोकरीच्या सुरुवातीला खेड डेपोला एसटीत कंडक्टर होते. चाचा ताडकन उभे राहिले. "खेड डेपो? म्हणजे मी त्यांच्या हातचं तिकीट घेतलेलं असणार! झालं! आपलीच निघाली!" त्या दिवसापासून मी चारचौघांत मॅडम आणि एरवी पोरी.

एकदा आमच्या शारजाच्या घरी जेवायला आले, तेव्हा त्यांची आपुलकी बघून माझ्या लेकीनं सरळ विचारलं, "अंकल, आर वी रिअली रिलेटेड?" चाचांनी तिच्याकडे गंभीरपणे पाहिलं. "नो, बेटा," ते म्हणाले. मग क्षणभर विचार करून म्हणाले, "बट येस."

सगळ्यात मोठा पराक्रम मात्र मंगोलियाच्या इन्स्पेक्टरचा. एका ग्राहकाकडून माल तपासायला हा गृहस्थ आला. त्याच्या देशाला समुद्र नाही. भात नाही, नारळ नाही, मासा जवळजवळ नाही. त्याचे काका-मामा काढून काही उपयोग नव्हता. चाचा इतके अस्वस्थ झाले की स्टोअरमधून माल वेळेवर निघेना. आणि एका सकाळी माझ्या केबिनमध्ये धापा टाकत शिरले.

"मॅडम, ते लोक चहात मीठ घालतात!"

"मग?"

"मग काय मग? आम्ही पेजेत मीठ घालतो!"

"चाचा, पेज वेगळी आणि चहा वेगळा."

"गरम आहे की नाही? मीठ आहे की नाही? वाडग्याला तोंड लावून पितात की नाही?" एवढं म्हणून त्यांनी माझ्या टेबलावर थाप मारली. "आपलाच निघाला!"

त्या दिवशी तो मंगोलियन कॅन्टीनमध्ये चाचांच्या डब्यातली सुकटीची चटणी खात होता आणि चाचा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. मी हात टेकले.

आता या आपलेपणाचं चाचांनी पुढं एक शास्त्रच बनवलं होतं, आणि त्या शास्त्राचा मुख्य उपयोग निवडणुकीचे निकाल सांगण्यासाठी होई. इथं परदेशी माणसाला मत नसतं. भारतातलं मत आहे, पण ते जातीनं तिथं जाऊन द्यावं लागतं. चाचांची रजा मंजूर व्हायची एका महिन्यात आणि निवडणूक लागायची दुसऱ्याच महिन्यात. त्यामुळे या माणसानं आयुष्यात एकदाही मत दिलेलं नव्हतं. पण मतदार कसा विचार करतो याबद्दल त्यांच्या मनात शंकेला जागाच नव्हती.

"माणूस मत देतो ते आपल्या माणसाला," ते सांगत. "भाषण, जाहीरनामा, हे सगळं वरून भुरभुरवलेली कोथिंबीर."

या शास्त्रानुसार सांगितलेला त्यांचा एकही निकाल आजवर बरोबर आलेला नाही. महाराष्ट्राचा नाही, केरळचा नाही, कुठलाच नाही. त्यानं शास्त्राला धक्का लागत नसे. "अंदाज बरोबर होता," ते म्हणत. "आपला माणूस कोण, ते ओळखण्यात लोक चुकले."

मग आमच्याकडेच निवडणूक लागली.

कंपनीनं स्टाफ वेल्फेअर कमिटी काढली. कॅन्टीन, बस, राहण्याची व्यवस्था यांबाबत मॅनेजमेंटशी बोलायला कर्मचाऱ्यांतून एक प्रतिनिधी निवडायचा. आमचे जनरल मॅनेजर नबील हे लेबनॉनचे. त्यांना लांबण लागलेली आवडत नाही. "कॅन्टीनमध्ये जमा, हात वर करा, मोजा, खलास," असं त्यांनी मला सांगितलं. मी चिठ्ठ्यांचं सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "वैशाली, इथं किती लिप्या आहेत? हात सगळ्यांना एकाच भाषेत वर करता येतात." बरोबरी झाली तर नोकरीत जो जुना तो निवडून आला, हेही त्यांनीच ठरवलं.

त्या दुपारी चाचा माझ्याकडे आले. दार लावून घेतलं. असं ते कधी करत नसत.

"पोरी, मी उभा राहतोय."

"वा! राहा की."

"वा नाही. ऐक." ते खुर्चीत बसले. "पुढल्या साली साठी पूर्ण होते. व्हिसा वाढवतील, नाही वाढवणार, अल्ला जाने. जन्मभर मी लोकांना आपलं म्हणत आलोय. जाण्याआधी एकदा बघायचंय, मला कोण आपला म्हणतं ते."

मी त्यांचा चेहरा निरखला. मिस्कीलपणा कुठंही नव्हता. त्यांना खरंच निवडून यायचं होतं, आणि त्यांना ते किती हवं होतं हे बघून मला जरा भीतीच वाटली.

प्रचार सुरू झाला. चाचांकडे आश्वासन असं एकही नव्हतं. कुणी विचारलं की काय करणार, तर ते छातीवर हात ठेवून म्हणत, "मी आहे ना!" त्यांचा सगळा भर बेरजेवर. बोटांवर मोजत मोजत ते मला हिशेब ऐकवत. कोकणातले सगळे आपले. मल्याळी आपले, कारण नारळ. बंगाली आपले, कारण मासा. नेपाळी आपले, कारण डाळभात. देशावरचे मराठी आपले, कारण भाषा. सुदानी ड्रायव्हर आपले, कारण नदी. अशा रीतीनं विरोधकांना मत द्यायला कंपनीत माणूस शिल्लकच राहत नव्हता.

विरोधक एकच होता, अकाउंट्समधला थॉमस. बोलणं कमी, काम नीट. त्यानं नोटीस बोर्डावर एकच ओळ लावली. निवडून आलो तर संध्याकाळची बस अर्धा तास लवकर सोडायला लावीन, शारजाचा जाम लागायच्या आत. बस्स.

आणि मग रोसा उभी राहिली.

नवी टेस्टिंग लाइन बसवायला कंपनीनं थेट दक्षिण अमेरिकेच्या बाजूनं काही माणसं आणली होती. मेक्सिकोचा हेक्टर, एक कोलंबियाचा, एक व्हेनेझुएलाचा आणि पेरू देशाची ही रोसा. चौघंही स्पॅनिश बोलत, म्हणून सगळी कंपनी त्यांना सरसकट मेक्सिकन म्हणत असे. याचा हेक्टर सोडून बाकी तिघांना मनस्वी राग. मला त्यांचं दुःख कळायचं, कारण आपण बुलढाण्याचे असा नाहीतर सोलापूरचे, इथं सगळे आपल्याला बॉम्बेच म्हणतात.

चौघांनाही चाचांनी केव्हाच आपलं करून टाकलं होतं. हेक्टर तर पहिल्याच जेवणाला आपला निघाला. त्यानं डाळीवर पिळायला लिंबू मागितलं आणि चाचांनी खिशातून काढून दिलं. दोघं एकमेकांकडे असे बघत राहिले की जणू जत्रेत हरवलेले भाऊ भेटावेत. रोसा मात्र जड गेली. ती म्हणाली, आमच्याकडे मासा कच्चाच खातात, चिरून, चुलीवर न ठेवता. चाचांचा घास हातातच राहिला. "कच्चा?" मग तिनं सांगितलं की त्यावर भरपूर लिंबू पिळतात. चाचांनी सुटकेचा श्वास सोडला. "लिंबू आहे ना? झालं!"

शॉप फ्लोअरवर काम करणारी रोसा एकटीच बाई. बाकी आम्ही सगळ्या ऑफिसात. फ्लोअरवर बायकांसाठी टॉयलेट नव्हतं, त्यामुळे तिला दर वेळी उन्हातून आमच्या इमारतीत यावं लागे. तेवढ्यासाठी ती उभी राहिली. चाचांनी लगेच बोटांवरची बेरीज दुरुस्त केली.

"ते चार गेले," त्यांनी मला सांगितलं. वाईट वाटल्याचं चिन्ह नाही. उलट अभिमानच. "त्यांची पोरगी उभी आहे, ते मला कशाला देतील? भाषा एक तर मत एक. मीही तेच केलं असतं."

शास्त्राला पहिला तडा गेला तो इथं. जेवणाच्या सुट्टीत चाचा मोठ्या मनानं हेक्टरला म्हणाले, "डोन्ट वरी, माय फ्रेंड. मला माहीत आहे, तुम्ही सगळे रोसाला व्होट देणार. नो प्रॉब्लेम."

हेक्टरनं भुवया वर केल्या. "रोसाला? व्हाय? शी इज फ्रॉम पेरू."

"सो?"

"सो, आय ॲम फ्रॉम मेक्सिको." एवढं बोलून तो पुन्हा जेवायला लागला, जणू सगळं स्पष्ट झालं होतं. "आय व्होट थॉमस. बस, चाचा. बस!"

चाचा कोलंबियावाल्याकडे वळले. तोही थॉमसकडेच. व्हेनेझुएलावाला अजून ठरवत होता, पण कोलंबियावाला ज्याला देईल त्याला द्यायचं नाही एवढं त्याचं पक्कं होतं. त्या दोघांत मक्याच्या भाकरीवरून वाद चालू होता. तिचा मान आपल्याच देशाचा, असं दोघांचंही म्हणणं. आठवडाभर एका टेबलावर बसत नव्हते. रोसा शेजारच्या टेबलावर एकटी जेवत हे सगळं ऐकत होती.

चाचांचा चेहरा बघण्यासारखा झाला. स्वतःची मतं गेली असती तरी इतकं वाईट वाटलं नसतं. "अरे, असं कसं?" ते हिंदीत ओरडले. "अपनी लडकी खडी है! आपला माणूस म्हणून काही असतं की नाही?" आणि मग मी जे पाहिलं ते मी जगातल्या कुठल्याही उमेदवाराला करताना पाहिलेलं नाही. चाचांनी त्या तिघांमागे हात धुवून रोसाचा प्रचार सुरू केला. मला नका देऊ, म्हणाले, पण थॉमसला देऊ नका. तिला द्या. लाज राखा. तिघांनाही एकेकटं गाठून त्यांनी मक्याच्या भाकरीवर तोडगासुद्धा सुचवला.

शेवटी हेक्टर वैतागून म्हणाला, "चाचा, युवर इंडियन्स? ऑल व्होट फॉर यू?"

"ऑफ कोर्स!" चाचा म्हणाले, आणि मागे वळून जालन्याच्या पवारला हाक मारली. पवार वेल्डर. चाचांच्या खोलीवर रोज रात्री जेवणारा. "पवार, सांग यांना. तू कोणाला देणार?"

पवार उभा राहिला. बिचारा ताटाकडे बघत म्हणाला, "चाचा, तुम्ही तर आपलेच. त्यात काय वादच नाही. पण ती बस अर्धा तास आधी निघाली ना, तर लेकरं झोपायच्या आत घरी व्हिडिओ कॉल लागतो हो."

हेक्टरला मराठी येत नाही. पण त्याला सगळं समजलं. तो उठला आणि त्यानं चाचांसमोर पाण्याचा ग्लास ठेवला.

मला वाटलं, संपलं. इतक्या वर्षांचं शास्त्र दोन मिनिटांत कोसळलं, आता हा माणूस खचणार. चाचा ते पाणी घटाघट प्यायले, दाढीवरून हात फिरवला, आणि माझ्याकडे वळले तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते.

"पोरी, बघितलंस? भाषा एक, आणि कोणी कोणाला मत देत नाही. भाकरीवरून भांडतात. बाहेरचे सगळ्यांना एकाच नावानं हाक मारतात, आणि आत एकाचं दुसऱ्याशी पटत नाही." त्यांनी टेबलावर थाप मारली. "अगं, हे तर डिट्टो आपलेच!"

निवडणूक हरत आलेला उमेदवार, आणि त्याला आनंद कशाचा, तर आणखी एक खंड आपला निघाल्याचा.

मतदानाच्या दिवशी कॅन्टीन गच्च भरलं होतं. तिघं उमेदवार पुढं उभे. नबीलसाहेब घड्याळ बघत बाजूला. हात मोजायचं काम माझ्याकडे. उमेदवारानंही मत द्यायचं, एकालाच द्यायचं, हे मी तीन भाषांत सांगितलं. चाचांनी नवा शर्ट घातला होता. त्यांचे ओठ पुटपुटत होते. दुआ म्हणत असतील नाहीतर बेरीज करत असतील.

थॉमसचं नाव घेतलं. त्याचा स्वतःचा हात वर गेला, मग समोरचे. हेक्टर, कोलंबियावाला, मल्याळ्यांतले बरेच, सगळे नाहीत. मी मोजले.

मग चाचांचं नाव. आणि एकेक हात वर जायला लागले. कोकणातले, बंगाली, नेपाळी, सुदानी ड्रायव्हर. व्हेनेझुएलावाला. मागच्या रांगेतला एक इजिप्तचा माणूस, ज्याला चाचांनी कधीतरी नुसत्या कांद्यावरून आपलं केलं होतं. आणि सगळ्यात शेवटी, खाली मान घालून, पवार. इतक्या वर्षांत त्यांनी मांडीवर मारलेली प्रत्येक थाप आज हात होऊन वर आली होती. मला रडू यायला लागलं आणि मोजणीत चूक होईल म्हणून मी ते दाबलं. पुन्हा मोजलं. थॉमसपेक्षा एक हात कमी होता.

मग माझ्या लक्षात आलं. चाचांनी स्वतःचा हात वर केलेलाच नव्हता. ते दोन्ही हात मागे बांधून उभे होते. तो एक हात मिळाला की बरोबरी, आणि बरोबरी म्हणजे जुना माणूस विजयी. त्यांच्याहून जुनं कंपनीत कोणीही नव्हतं.

मी हळूच म्हटलं, "चाचा, तुमचा हात."

"तिसरं नाव घ्या, मॅडम."

"चाचा, एकाच हाताचा फरक आहे."

"मी पण मोजले," ते म्हणाले. "तिसरं नाव घ्या."

मी रोसाचं नाव घेतलं. तिनं हात वर केला. समोर एकही हात नाही. कोणी मोबाइलमध्ये बघत होतं, हेक्टर बुटांकडे. मी स्वतः चाचांना मत देऊन बसले होते. एवढ्या मोठ्या खोलीत तिचा एकटीचा हात.

तेव्हा चाचांनी मागचे हात सोडले आणि उजवा हात वर केला. सावकाश, सगळ्यांना दिसेल असा, सरळ. नबीलसाहेब घड्याळ बघायचे थांबले. मी दोन म्हणून मोठ्यानं पुकारलं, तोवर तो हात तसाच वर होता.

थॉमस निवडून आला. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यानं बसच्या आधी फ्लोअरवरच्या टॉयलेटचा विषय काढला, आणि तो लगेच मंजूर झाला. थॉमस माणूस चांगला आहे. पण सांगायचं आहे ते हे नाही.

त्या संध्याकाळी परतीच्या बसमध्ये मी चाचांच्या शेजारी जाऊन बसले. मला राग आला होता. माझ्या डोळ्यांसमोर त्यांनी स्वतःचा विजय उचलून दुसऱ्याला दिला होता, आणि त्यातून रोसाला काही मिळालंही नव्हतं. एक मत काय आणि दोन काय!

"असं का केलंत? तुम्हाला एवढं हवं होतं ना?"

बस जामात उभी होती. चाचा माझ्याकडे वळले.

"तुला गावाची खोली माहीत आहे? नाही? दुबईला देऱ्यात आमच्या गावच्या जमातीची, म्हणजे मंडळाची म्हण, एक खोली आहे. गावचा नवा पोरगा आला की नोकरी लागेपर्यंत तिथं पाठ टेकतो. मीही तिथंच उतरलो होतो. खोली कोणी सांभाळायची, ते शुक्रवारी सगळ्यांनी बसून हात वर करून ठरायचं. एके साली मी म्हटलं, मी सांभाळतो. मला वाटलं, सगळे आपलेच तर आहेत. विचारायचं काय कोणाला? नाव निघालं, मी हात वर केला. बघतो तर माझा एकट्याचाच."

"आणि बाकीचे?" मी विचारलं.

"समोर माझा भाऊ बसला होता. युसूफ. सख्खा. तो सतरंजीकडे बघत राहिला. मागनं म्हणाला, दुसऱ्याला शब्द दिला होता. असेल दिला." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "हरण्याचं काही नाही, पोरी. पण एकट्याचा हात वर गेला ना, की तो खाली कसा घ्यायचा तेच समजत नाही. मी किती वेळ तसाच बसलो होतो. म्हटलं, या पोरीचं तसं नको व्हायला. दुसरा हात असला की दोघांनी मिळून खाली घेता येतो."

मला वाटत आलं होतं की या माणसाकडे माणसं फार आहेत, म्हणून तो उधळतो. बसमध्ये त्यांच्या शेजारी बसून पहिल्यांदा कळलं की गावच्या माणसांत बसायची सोयच राहिली नाही, म्हणून ते जगभरातून एकेक माणूस गोळा करत आले होते. मंगोलियापासून पेरूपर्यंत. माझा राग कुठल्या कुठं गेला. एवढं दुःख असतं तर मी माणसांचं तोंड बघितलं नसतं, आणि हे रोज खुर्ची ओढून समोर बसतात.

"मग युसूफभाई आता कुठं असतात?"

"तिथंच. आता खोली तोच सांभाळतो."

"बोलणं?"

"नाही. त्या दिवसानंतर मी वर खोलीत गेलोच नाही. तोही खाली येत नाही. दोघंही चोगले आहोत." ते हसले. "पण दर शुक्रवारी मी देऱ्याला जातो. खोलीच्या बरोबर खाली चहाचं दुकान आहे. तिथं बाहेर बसतो आणि मोठमोठ्यानं बोलतो. जो भेटेल त्याच्याशी. आवाज वर जातो. आलोय, तब्येत बरी आहे, एवढं त्याला कळतं."

"आणि ते?"

बस हलली. चाचांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"खिडकी उघडतो," ते म्हणाले. "भर जुलैत, आत एसी चालू असताना, खिडकी उघडून ठेवतो."